दोन कडव्यांच्या मधे

सत्यशीला नवा अल्बम तीनदा ऐकायची. पहिल्यांदा हेडफोन लावून. दुसऱ्यांदा स्वयंपाकाच्या ओट्यावर मोबाईल ठेवून, कारण बहुतेक माणसं गाणं तसंच ऐकतात. आणि तिसऱ्यांदा नेकनूर-बीड एसटीत, खिडकीच्या खडखडाटातून जेवढं उरेल तेवढं. तिन्ही वेळा वहीत नोंद व्हायची. अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवता शिकवता लागलेली ही खोड होती. एका मापावर विश्वास ठेवायचा नाही.

बीडच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत तिचं ‘नवं काय ऐकलं’ हे सदर चार वर्षं चालू होतं. जिल्ह्यात कुणी भजनांचा, भारुडांचा, हळदीच्या गाण्यांचा अल्बम काढला की तो तिच्याकडे यायचा. ती कुणाला उगाच झोडपायची नाही, उगाच हरभऱ्याच्या झाडावरही चढवायची नाही. तबला कुठं मागं पडला, गाणारीचा श्वास कुठं तुटला, हे ती मिनिट-सेकंदासकट लिहायची. गाणाऱ्या मंडळींनी तिचं नाव ‘काट्याच्या बाई’ पाडलं होतं, किराणा दुकानातल्या वजनकाट्यावरून. तिच्या कानावर ते आलं होतं आणि मनातून तिला ते आवडलंही होतं.

जानेवारीतल्या एका बुधवारी प्रॅक्टिकल संपवून ती प्रयोगशाळेला कुलूप लावत होती, तेव्हा व्हरांड्यात एक पंचविशीतला माणूस हातात पेनड्राइव्ह घेऊन उभा होता.

“मॅडम, वळखलं का? सोमनाथ. आश्रुबाचा.”

तिनं ओळखलं. मांजरसुंब्याजवळच्या एका वाडीवरचा आश्रुबा मेंढपाळ होता, साठीला आलेला. सोमनाथ त्याचा मुलगा. नेकनुरात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानामागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून त्यानं बापाची सहा गाणी रेकॉर्ड केली होती. देवळापुढं बसून ढोलावर म्हणायच्या ओव्या नव्हेत, तर मेंढरं घेऊन चालताना म्हणायची गाणी. वाद्य नाही, साथ नाही, नुसता गळा. तो अल्बम गेल्या दिवाळीच्या सुमारास निघाला आणि सत्यशीलानं त्यावर लिहिलं.

काय लिहिलं होतं, तेही तिला शब्दन् शब्द आठवत होतं. ‘गळा अस्सल आहे, शब्द त्याहून अस्सल. पण लय सुटते. दर कडव्यानंतर गायक थांबतो, आणि हे थांबणं वाढत जातं. पहिल्या कडव्यानंतर १.१ सेकंद, पाचव्यानंतर २.३. शेवटच्या कडव्यांत तो घाईनं सावरतो. सहाही गाण्यांत हाच दोष आहे. थोड्या रियाजानं तो जाईल.’

“बापूंनी ते चौघांकडून वाचून घेतलं,” सोमनाथ म्हणाला.

“रागावले का?”

“रागावले असते तर बरं झालं असतं. गप झाले. महिनाभर गायलेच न्हाईत. मग एक दिवस म्हणले, सोमा, त्या बाईचं खरं असंल. शिकलेली हाय, घड्याळ लावून ऐकलंय. मला नीट शिकव. मी मोबाईलमधी टिकटिक लावून दिली. तवापासून मेंढरापुढं चालताना ती टिकटिक कानात घालून फिरतेत.” त्यानं पेनड्राइव्ह तिच्या हातात ठेवला. “सहाच्या सहा गाणी परत केलीत. येत्या रविवारी टाकायचीत. आता लय कुठंच सुटत न्हाई, मॅडम. ऐका तुमी.”

“ऐकते.”

तो जायला वळला, मग थांबला.

“बापूंकडं आणखी चाळीसएक गाणी हायत, त्यांच्या आज्यापासूनची. तुमी बरं म्हणलं तर ती करायची. न्हाई म्हणलं तर, ते बोललेत, आता शिट्टीवरच मेंढरं हाकीन, तोंड उघडणार न्हाई.”

“एवढं माझ्या लिहिण्यावर?”

“छापून आलंय न्हवं,” सोमनाथ म्हणाला, जणू याच्यापुढं विचारण्यासारखं काही उरतच नव्हतं.

संध्याकाळी तिनं हेडफोन लावले. सोमनाथ खोटं बोलला नव्हता. प्रत्येक कडव्यानंतर दीड सेकंद. पहिल्यानंतर दीड, पाचव्यानंतर दीड, सातव्यानंतर दीड. तिनं लॅपटॉपवर आवाजाची आकृती उघडून पाहिली, तर कडवी एका मापाच्या विटांसारखी ओळीनं लागली होती. दोष काढायला जागा नव्हती.

मग तिनं ओट्यावर मोबाईल ठेवला, गॅसवर दूध चढवलं आणि पुन्हा ऐकलं. दूध वर आलं, तिनं वेळेवर गॅस बंद केला, आणि बंद करताना हात थबकला. तिनं कपाटातून जुनी वही काढली. दिवाळीआधीच्या पानावर, आकड्यांच्या बाजूला समासात तिच्याच अक्षरात बारीक लिहिलेलं होतं: ‘दूध उतू गेलं.’

लेखात ते आलं नव्हतं. ते काही माप नव्हतं.

तिनं लिहायला घेतलं. ‘आधीच्या अल्बममधले लयीचे दोष गायकानं कष्टानं दूर केले आहेत.’ हे वाक्य खरं होतं. पुढचं वाक्य येईना. गाणं नीट झालं होतं आणि त्यातून माणूस उठून गेला होता, पण हे कोणत्या सेकंदाला घडलं ते तिला दाखवता येईना, आणि जे दाखवता येत नाही ते लिहायचं नाही, असा तिचा चार वर्षांचा नेम होता.

पुरवणीचं काम पाहणाऱ्या शिवशंकरचा फोन आला. “ताई, शुक्रवारी दुपारपर्यंत मजकूर. आणि जरा हात सैल सोडा या वेळी. माणूस आपल्याच जिल्ह्यातला आहे. मागच्या वेळी तुम्ही त्याला पार काट्यावर चढवला होता.”

“बघते,” ती म्हणाली.

फोन ठेवून ती पुन्हा जुन्या वहीकडे वळली. मागच्या वेळचे सगळे आकडे होते, सहा गाणी, प्रत्येकाची आठ कडवी. या वेळी तिनं ते आलेखाच्या कागदावर मांडले. पहिल्या गाण्याचे ठिपके हळूहळू चढले, मधे टेकाड झालं आणि पुन्हा उतरले. दुसऱ्या गाण्याचेही तसेच. तिसऱ्याचेही. सहाही टेकाडं एकावर एक ठेवली असती तर बसली असती.

दरवर्षी जूनमध्ये ती अकरावीच्या पोरांना सांगायची की, हातून होणारी चूक विखुरलेली असते, कधी इकडं, कधी तिकडं. आकडा पुन्हा पुन्हा एकाच बाजूला, एकाच तऱ्हेनं झुकत असेल तर त्याला चूक म्हणून सोडून देऊ नका. तो काहीतरी सांगतोय. हे सांगणारीच सहा टेकाडांकडे बघून ‘दोष’ लिहून मोकळी झाली होती. आकडे काहीतरी सांगत होते हे नक्की. काय, ते तिला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी अर्धी रजा टाकून ती मांजरसुंब्याला उतरली. फाट्यावरच्या ढाब्यापाशी सोमनाथ मोटारसायकल घेऊन उभा होता. काल रात्रीच तिनं त्याला फोन करून, मला त्यांना मेंढरांसोबत गाताना ऐकायचंय, एवढंच सांगितलं होतं.

वाडीच्या अलीकडं बंकटरावांच्या शेतात मेंढरं बसवलेली होती. तूर काढून झाली की बंकटराव दरवर्षी आश्रुबाचा कळप बोलावून रानात बसवत. चार-पाच रात्री जाळीत मेंढरं बसली की त्या रानाला वेगळं खत लागत नसे. हा रिवाज दोघांच्या बापांपासूनचा होता. पण मोटारसायकल बांधाशी थांबली तेव्हा बंकटराव बांधावर उभे राहून हातवारे करत होते.

“तीस वर्षं झाली आश्रुबा, तू माझ्या रानात बसतोस. तुझ्या मेंढरानं कधी हरभऱ्याचा एक घाटा तोडला न्हाई. आन या महिन्यात ही तिसरी खेप! म्हातारा झालास का बे?”

आश्रुबा खांद्यावरची घोंगडी सारखी करत खाली बघत उभा होता. उंच, वाळका माणूस. एका कानात वायरीचं बोंडूक होतं. उत्तर आलं ते मेंढरांच्या पलीकडून, बाईच्या आवाजात.

“म्हातारं न्हाई झालं बंकटराव, मास्तर झालंय ते! घड्याळाबरहुकूम चालतंय.”

ती छबुबाई, आश्रुबाची बायको. काखेत एक कोकरू धरून ती कळपातून वाट काढत आली आणि सत्यशीलाला बघून थांबली.

“ह्या कोण?”

“पेपरातल्या मॅडम हायत, माय,” सोमनाथ हळूच म्हणाला.

छबुबाईनं तिला पायातल्या सँडलपासून डोळ्यांवरच्या चष्म्यापर्यंत बघून घेतलं.

“आस्सं. तुमीच का त्या? बरं झालं आलात. मेंढरं पाण्यावर न्यायचीत आता. माझ्यासंगं मागं चला. पुढून तुमाला काय बी दिसायचं न्हाई.”

पाण्याचा हौद वाडीच्या टोकाला होता आणि वाट अशी: आधी मोकळं रान, मग दोन्ही बाजूंनी बाभळी दाटलेली अरुंद पांद, आणि पांद संपली की पुन्हा उघडा माळ. आश्रुबा पुढं निघाला. त्याच्यामागं सव्वादोनशे मेंढरं आणि मूठभर शेळ्या, आणि सगळ्यांच्या मागं छबुबाई आणि सत्यशीला. रानात कळप गोळा होता, पांदीच्या तोंडाशी मात्र तो सुतासारखा लांबत गेला. पुढचं टोक वळणाआड गेलं. आश्रुबा दिसेनासा झाला.

मग गाणं सुरू झालं. लांबून, बाभळींवरून येणारं.

*चंदरी माझी निघाली पाण्याला, वाटंला काटं आलं गं…*

“आता ऐका,” छबुबाई म्हणाली. कडवं संपताच तिनं मान वर केली आणि हाळी दिली: “हाऽऽव!” लांब, सरळ, काठी फेकावी तशी. तिची हाळी पुरी तिकडं पोचायच्या आत पुढचं कडवं सुरू झालेलं होतं.

“बघितलं? हे असं. रोज असं.” तिनं कोकरू दुसऱ्या काखेत घेतलं. “ते पुढं, मी मागं. पांदीत शिरलं की मला ते दिसत न्हाईत, त्यास्नी मी दिसत न्हाई. कडवं सरलं की मी हाळी द्यायची. हाळी आली की मागचं समदं नीट हाय. न्हाई आली की थांबायचं, कुणीतरी काट्यात अडकलंय न्हाईतर कुणाच्या रानात शिरलंय. माझं लगीन झाल्यापासून असंच चाललंय. सासू द्यायची हाळी, मग मी द्यायला लागले.”

“ते तुमच्या हाळीसाठी थांबायचे,” सत्यशीला सावकाश म्हणाली.

“थांबायचे! आता कुठं थांबतेत? कानात टिकटिक हाय. परवा मी इकडून बोंबलतीय, दोन शेळ्या न् कोकरं हरभऱ्यात गेलीत, थांबा, थांबा. हे आपले गात निघालेत पुढं. गाणं लई नीट. मेंढरं बंकटरावाच्या घाट्यात.” तिचा आवाज खाली आला. “समदी वाट मुकाट्यानं मेंढरामागं चालायचं, आन कडव्याच्या शेवटाला तेवढं बोलायचं. तेवढीच जागा हुती मला त्यात. तीबी तुमी बुजवली.”

सत्यशीला थांबली. समोर पांदीत मेंढरांच्या पाठी एकामागोमाग हलत होत्या. किती असेल हे अंतर? तिनं पावलांवरून अंदाज बांधला होता, सुमारे दोनशे मीटर. दोनशे मीटर जायला आवाजाला जेमतेम सहा दशांश सेकंद लागतात. आश्रुबाचा शेवटचा शब्द इथं यायला सहा दशांश, हाळी तिकडं पोचायला सहा दशांश. आणि हाळीचा स्वतःचा एक सेकंदभर. बेरीज सव्वादोन सेकंदांच्या आसपास येत होती.

पाचव्या कडव्यानंतर दोन पूर्णांक तीन.

रानात कळप गोळा असताना एक पूर्णांक एक, पांदीत वाढत वाढत दोन पूर्णांक तीन, आणि माळावर कळप पुन्हा गोळा होताच परत एक पूर्णांक दोन. टेकाड. गोधड्या टांगलेल्या खोलीत आश्रुबा जागच्या जागी उभा राहून ही सगळी पांद चालून गेला होता. तिचे आकडे दशांशापर्यंत बरोबर होते. ती जी एक गोष्ट धरून चालली होती, तेवढीच चुकली होती: माणूस एकटा गातोय.

हौदावर मेंढरं पाण्याला लागली तेव्हा ती आश्रुबापुढं जाऊन उभी राहिली. त्यानं कानातलं बोंडूक काढून मुठीत धरलं, मास्तरणीपुढं टोपी काढावी तसं.

“मी चुकले,” ती म्हणाली. “तुमची लय सुटत नव्हती. ती हाळीची जागा होती.”

“तुमी कशाला चुकताल बाई? घड्याळ लावलं हुतं तुमी.”

“घड्याळ बरोबर होतं. मला त्याचा अर्थ लागला नाही. पण तुम्ही सोमनाथला तरी सांगायचं, की मी हाळीसाठी थांबतो म्हणून.”

“मलाच कुठं ठावं हुतं?” आश्रुबा म्हणाला. “मी कवा मोजलं व्हय? ही हाळी देती, मी पुढचं म्हणतो. पेपरात वाचलं तवा कळलं मला, की मी मधी थांबतो.”

“बापू रेकॉर्डिंगला डोळे मिटून जागच्या जागी पाय उचलायचे,” सोमनाथ मधेच म्हणाला. “मला हसू यायचं. मी म्हणायचो, बापू, नीट उभं ऱ्हावा.”

“मी म्हणलं हुतं ह्यास्नी,” छबुबाई शेळीच्या पायातला काटा काढता काढता म्हणाली, “की माझ्या हाळीला थांबत जावा. पण मी काय छापून आले हुते का?”

आश्रुबानं बायकोकडं पाहिलं, मग सत्यशीलाकडं.

“मंजी पयलं बरोबर हुतं म्हणता?”

“पहिलंच बरोबर होतं.”

“छापून द्याल तसं?”

ती लगेच बोलली नाही, आणि ते न बोलणं सगळ्यांना ऐकू आलं. चार वर्षांत तिनं एकदाही लिहिलेलं मागं घेतलं नव्हतं. ‘काट्याच्या बाई’ हे नाव त्याच जोरावर होतं. काटाच खोटा निघाला तर मागची सगळी मापं लोक परत मागायला येणार.

“तोंडानं सांगितलेलं वाऱ्यावर जातंय, बाई,” आश्रुबा म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. “त्यो पेपर वाडीत चार घरी ठेवलाय. बंकटरावाच्या बैठकीत बी हाय. लय सुटती म्हणून लोक सोमाला इचारतेत, तुझा बाप पितो का. छापलेलं तोंडानं कसं पुसंल?”

“देते छापून,” ती म्हणाली.

सोमनाथनं तिला फाट्यापर्यंत परत सोडलं. ढाब्यापाशी गाडी थांबवून तो म्हणाला, “दीड महिना दुकान बंद ठेवून बसलो मी त्या गाण्यांपाशी, मॅडम. तुमच्या एका ओळीसाठी.”

“माहीत आहे.”

“मग आता रविवारी काय टाकू मी? तुमीच सांगा.”

एसटी आली आणि ती चढली. आधीचं माप चुकीचं ठरल्यावर नवीन माप लगेच हातात असतंच असं नाही, हेही ती पोरांना शिकवायची. पण पोरं वर्गात असायची, त्यांनी त्या मापावर दीड महिना घातलेला नसायचा.

शुक्रवारी सकाळी तिनं एकाच बैठकीत लिहून मजकूर पाठवला. अर्ध्या तासात शिवशंकरचा फोन.

“ताई, हे ‘मी चुकले’ असं उघडंबोडकं कशाला? ‘नव्यानं ऐकताना’ असं काहीतरी घालू. वाचकालाही बरं वाटतं.”

“नव्यानं ऐकलं नाही मी. पहिल्यांदाच ऐकलं.”

“अहो, पण उद्या प्रत्येक भजनी मंडळ माझ्या दारात येऊन बसेल. आमचंही चुकून लिहिलं, छापा म्हणून.”

“येऊ द्या. मी परत ऐकेन.”

शिवशंकर पलीकडं हसला, पण जिवावर आल्यासारखा. “बरं, मजकूर मोठा झालाय. खालच्या कोपऱ्यात जाहिरात आलीय. शंभर शब्द कापावे लागतील.”

“गळ्याचं कौतुक केलंय ते कापा. चुकीबद्दल लिहिलंय ते कापू नका.”

“गायकाचं कौतुक कापू?”

“त्यांना कौतुक नकोय,” सत्यशीला म्हणाली. “त्यांना दुरुस्ती हवीय.”

रविवारी ते आलं. ‘या सदरात दिवाळीच्या सुमारास मी लिहिलं होतं की आश्रुबांची लय सुटते. मी चुकले. दर कडव्यानंतरची जागा मोकळी नाही. ती कळपाच्या मागच्या टोकाला चालणाऱ्या छबुबाईंच्या हाळीची आहे. कळप लांबला की ती वाढते, जवळ आला की कमी होते. माझ्या लिहिण्यावरून गायकानं ती जागा बुजवली, आणि नवा अल्बम त्यामुळं निर्दोष झाला आहे. वाचकांनी जुना ऐकावा. हाळी त्यात ऐकू येत नाही, पण तिच्यासाठी थांबलेला माणूस ऐकू येतो.’

सोमनाथनं रविवारी नवीन काहीच टाकलं नाही. सोमवारी, मंगळवारी त्याचा फोन नाही. बुधवारी त्याच्या दुकानावरून जाताना तिला शटर अर्धं उघडं दिसलं. आत शिरायचा तिला धीर झाला नाही. शनिवारी सकाळी फोन आला.

“बापू बोलावतेत,” एवढंच.

या वेळी कळप बंकटरावांच्या शेवटच्या तुकड्यात बसला होता. बंकटराव बांधावरच होते, पण हातवारे नव्हते. “मॅडम, माझं का न्हाई लिव्हलं त्या लेखात?” ते म्हणाले. “हरभरा तर माझा खाल्ला.”

सोमनाथनं तिच्यापुढं मोबाईल धरला. जुनी सहा गाणी होती तशी वर होती. नवी त्यानं काढून ठेवली होती, पुसली नव्हती. “असू द्या,” तो म्हणाला. “मायला म्हणलं, तू हाळी दे, मी मधी बसवतो. ऐकत न्हाई.”

“मी काय गाणारी हाय का?” छबुबाई म्हणाली. “मेंढरं असली की देईन. खोलीत कुणाला देऊ?”

आश्रुबानं घोंगडी खांद्यावर टाकली. कान मोकळे होते. सत्यशीलाजवळ येऊन तो जरा घुटमळला.

“वाचून घेतलं मी. तिघांकडून. बरं लिव्हलंय. पण तुमी सलग लई बोलता, बाई. वाचणाऱ्याला मधी दम घ्यायला जागा न्हाई.”

“बघेन पुढच्या वेळी,” ती गंभीरपणे म्हणाली, आणि आश्रुबानं तेवढ्याच गंभीरपणे मान हलवली.

“पुढल्या वेळंला दुसरी गाणी असतील,” तो म्हणाला आणि काठी उचलून पुढं चालू लागला.

कळप निघाला. सत्यशीला आपोआप मागं राहिली, छबुबाईच्या बाजूला. रान सरलं, पांद आली, पुढचं टोक वळणाआड गेलं आणि गाणं सुरू झालं. तिनं कधी न ऐकलेलं. पहिलं कडवं, हाळी. दुसरं, हाळी. तिसऱ्याला एक कोकरू बाभळीच्या फांदीत गुरफटून ओरडू लागलं. छबुबाई काट्यात शिरली, दोन्ही हातांनी फांदी वाकवून धरली, दातात पदर. कडवं संपलं.

पुढं शांत.

छबुबाईनं मान वळवून डोळ्यांनीच खूण केली. द्या.

सत्यशीला वर्गातही आवाज चढवत नसे. मागच्या बाकावरच्या पोरांना ऐकू यावं म्हणून ती पुढं चालत जायची, पण मोठ्यानं बोलायची नाही. तिनं तोंड उघडलं आणि जे निघालं ते पुढच्या चार मेंढरांच्या पलीकडं गेलं नाही.

पुढं अजून शांत. मेंढरं थबकली. बाभळींच्या पलीकडं, वळणाआड, दोनशे मीटरवर एक माणूस काठीवर हात टेकून उभा असणार. तो थांबणार होता. कितीही वेळ.

तिनं चष्मा काढून हातात घेतला, छाती भरून श्वास घेतला आणि हाळी दिली. आवाज मधेच फाटला, पण बाभळींवरून पुढं गेला.

तो पोचून परत यायला लागतो तेवढा वेळ गेला, आणि पुढचं कडवं आलं.

छबुबाई कोकरू काखेत मारून काट्यातून बाहेर आली. दातातला पदर सोडून तिनं केस झटकले.

“उशीर लई केला तुमी,” ती म्हणाली. “पण पोचली.”